मौलाचाचांचा टेम्पो आणि अव्वाच्या भाकरी

मौलाचाचांचा टेम्पो आमच्या गल्लीत शिरला की दिसायच्या आधी ऐकू यायचा. पुढचा पत्रा सैल, मागची फळी सैल, आणि खुद्द मौलाचाचांचं तोंड सगळ्यांत सैल. खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून ते दारादारात बसलेल्यांशी बोलत बोलत गाडी आणायचे. कुणाचं घर बदलायचं असो, लग्नातलं कपाट पोचवायचं असो, मंडपाचे बांबू न्यायचे असोत, सोलापुरात आमच्या भवानी पेठेत टेम्पो म्हणजे मौलाचाचा. दुसऱ्याला बोलावलं तर ते रुसायचे. त्यांची एक खोड मात्र भारी. गाडीतली रिकामी जागा त्यांना बघवायची नाही. एकाचं सामान भरून जरा फट राहिली की ते वाटेत दुसऱ्याचं घेणारच. "गाडी जानेवाली हैच, तो खाली कायकू जाना?" असं म्हणायचे. त्यामुळं एकाच्या पलंगावर दुसऱ्याची कांद्याची पोती, आणि तिसऱ्याची शेळी वर बसून प्रवास करायलीय, असं दृश्य आम्हाला नवं नव्हतं. परवा माझ्या नातीनं पुण्याला सामान हलवताना फोनवर दोनदा बोट टेकवलं आणि दारात छोटा हत्ती टेम्पो येऊन उभा राहिला. ड्रायव्हर एक शब्द बोलला नाही. सामान चढवलं, फोटो काढला, गेला. मी नातीला म्हटलं, "अगं, ह्यानं तुझं नाव तरी विचारायचं होतं का नाही?" ती हसली. तिला काय कळणार म्हणा.

मी सांगतेय ते मी दहावीला असतानाचं. आमचं घर दोन खोल्यांचं, घरात माणसं तीनच. अप्पा, अव्वा आणि मी. घरात अप्पा-अव्वा आपापसांत कानडी बोलायचे, माझ्याशी मराठी, आणि भांडण लागलं की दोन्ही भाषा एकदम. अप्पा गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा आधी सगळे म्हणाले महिन्यात सुरू होईल, मग म्हणाले दिवाळीला, मग कुणी काही म्हणेना. भोंगा वाजायचा बंद झाला तरी अप्पा त्याच वेळेला उठायचे, दाढी करायचे, कपाळाला विभूती लावायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि खुर्चीवर बसून राहायचे. जायचं कुठंच नाही. सकाळच्या वेळी घरात इस्त्रीच्या शर्टातला माणूस नुसता बसलाय, हे बघायला नको म्हणून मी शाळेला लवकरच निघायचे.  अव्वा चहा द्यायची आणि थोड्या वेळानं रिकामा कप उचलायची.

शेवटी अप्पांच्या थोरल्या भावाचा, म्हणजे आमच्या दोड्डप्पांचा निरोप आला. ते कुर्डुवाडीला रेल्वेत होते. या म्हणाले, माझ्या क्वार्टरमध्ये एक खोली देतो, तुला कुठंतरी चिकटवतो. अप्पांनी जायचं ठरवून टाकलं. मौलाचाचांना सोमवार सांगितला आणि घरातली बांधाबांध सुरू झाली. अव्वाच्या जुन्या इरकल लुगड्यांत भांडी बांधली, पत्र्याच्या ट्रंकेत माझी पुस्तकं गेली. मला सोलापूर सोडायचं नव्हतं. मला कुर्डुवाडी नको, दोड्डप्पांची बायको तर अजिबातच नको होती. सणावाराला गेलो की ती अव्वाला मोलकरणीसारखं राबवून घ्यायची, आणि वर सगळ्यांसमोर "आमची गौरा लई कामाची हं" म्हणून गोड हसायची. तिच्या घरात आम्ही कायमचे जाणार, ह्या विचारानं मी भिंतीकडं तोंड करून रडायचे. अव्वा एकदाच म्हणाली, "सुम्न कुंदर." गप बस. पण ते म्हणताना तिचाच आवाज फाटला होता, हे मला ऐकू आलंच की.

आता अव्वाच्या भाकरीबद्दल सांगायला पाहिजे. सोलापूरबाहेरच्या लोकांना कडक भाकरी म्हणजे शिळी भाकरी वाटते, तेव्हा मला असा राग येतो म्हणून सांगू! ज्वारीचं पीठ कढत पाण्यात मळायचं, आणि मनगट भरून येईपर्यंत मळायचं. मग परातीत भाकरी थापायची ती पापडासारखी पातळ, आणि थोरल्या तव्याएवढी. भाजून झाली की मंद विस्तवावर परत टाकायची आणि फडक्याच्या बोळ्यानं दाबत, फिरवत, दाबत, तिच्यातला ओलावा सगळा घालवायचा. जरा घाई केली की कड उचलते, जरा डुलकी लागली की डाग पडतो. झाली का नाही हे बघायला अव्वा बोटाची टिचकी मारायची. टणक् वाजली की झाली. अशी भाकरी महिना महिना टिकते. म्हणूनच आमच्याकडं कुणी गावाला निघालं, कुणी घर बदलून दुसरीकडं चाललं, की शेजारणी शिदोरी म्हणून हीच भाकरी बांधून देतात, बरोबर शेंगांची चटणी. चटणी उखळात कुटलेली, तेल सुटेपर्यंत. आता माझ्या तोंडात कवळी आहे, कडक भाकरी दुधात बुडवून खावी लागते. खाते आणि स्वतःवरच चिडते.

अव्वाच्या भाकरीला पेठेत नाव होतं. कुणाच्या घरी कार्य निघालं की बोलावणं यायचं. पण ती विकायची नाही. अप्पांना चालायचं नाही. "माझ्या बायकोच्या भाकरीवर घर चाललं म्हणतील लोक," असं त्यांनी एकदा मोठ्यांदा म्हटलेलं, आणि तो विषय तिथंच मिटला होता. तर बांधाबांध चालू असतानाच शेजारच्या शकुंतलाकाकू आल्या. त्यांचा भाऊ चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी होता. कारखान्यात शनिवारी कसलासा कार्यक्रम होता, सगळ्या कामगारांना जेवण होतं, आणि मॅनेजरला कडक भाकरी पाहिजे होती. आवडली तर पुढं दर आठवड्याला लागणार. शकुंतलाकाकू हे सांगत होत्या आणि अव्वा अप्पांकडं बघत होती. अप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. मग अव्वानं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना न विचारता उत्तर दिलं. "करते म्हणून सांगा," ती म्हणाली. काकू गेल्यावर अप्पा म्हणाले, "सोमवारी आपण चाललोय." अव्वा म्हणाली, "शनिवार आधी येतो की." मग थोडं थांबून ती म्हणाली, "दर आठवड्याचं काम लागलं तर आपल्याला कुर्डुवाडीला जायची गरज न्हाय. ते जमलं न्हाय तर मी निमूट येते, एक शब्द बोलणार न्हाय." अप्पांनी मान हलवली. हो म्हणाले का नाही म्हणाले, देव जाणे. पण मला कळलं की शनिवारवर आमचं सगळं टांगलंय.

मग त्या दोन दिवसांत आमच्या घराचं काय झालं! अर्धं घर गाठोड्यांत बांधलेलं आणि उरलेल्या अर्ध्यात भाकरी. चादरी अंथरून त्यावर भाकरी, ट्रंकेवर भाकरी, गाठोड्यांना टेकवून उभ्या भाकरी. पाय ठेवायला जागा नाही. थप थप थप थप, दिवसभर तेवढाच आवाज. शकुंतलाकाकू भाजायला, मी दाबायला. माझ्या बोटांना फोड आले, तर अव्वा म्हणाली, "फोड आला म्हंजे तवा बरोबर तापलाय." अशी ती! अप्पा ह्या सगळ्याच्या मधोमध खुर्चीवर, पाय वर घेऊन, पेपर वाचायले. एकदा त्यांच्या खुर्चीच्या पायाशी ठेवलेली भाकरी त्यांनीच हळूच उचलून गादीवर ठेवली, पाय लागू नये म्हणून. अव्वानं बघितलं आणि तोंड वळवून हसली. मला आजही वाटतं, त्या हसण्यात तिला अर्धं काम झाल्यासारखं वाटलं असणार.

शनिवारी सकाळी भाकरींचे गठ्ठे धुतलेल्या धोतरांत बांधले. चटणीचा डबा वेगळा. मौलाचाचा आले ते आपल्या सवयीप्रमाणं आधीच गाडी भरून आले होते. पलीकडच्या गल्लीतलं माने कुटुंब त्याच दिवशी चिंचोळीच्या अलीकडच्या नव्या वस्तीत राहायला चाललं होतं. त्यांचं सगळं सामान गाडीत. अव्वाचा चेहरा पडला. मौलाचाचा म्हणाले, "अरे भाभी, डरो नक्को! ये देखो, गाद्याच गाद्या हैं. तुमारी भाकरी गादीपर सोयेंगी, एक टुकडा नै होने का." आणि खरंच, त्यांनी मान्यांच्या दोन गाद्यांच्या मध्ये ते गठ्ठे असे अलगद ठेवले की बाळंतिणीनं सुद्धा एवढ्या काळजीनं मूल ठेवलं नसेल. मान्यांची माणसं कुणीच गाडीत नव्हती. देव, पाण्यानं भरलेली कळशी आणि म्हातारी आजी ह्यांना घेऊन ती पहाटेच्या एसटीनं पुढं गेली होती. नव्या घरात सामानाच्या आधी देव आणि पाणी पोचायला लागतं ना. म्हणजे पुढं दोन जागा रिकाम्या होत्या. अव्वा म्हणाली, "तुमी बसा की गाडीत. माल बरोबर राहील." अप्पा म्हणाले, "मी एसटीनं जातो." का, ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. अख्खी पेठ दारात उभी होती. इस्त्रीच्या शर्टात, बायकोच्या भाकरींच्या टेम्पोत बसून त्यांना पेठेतून जायचं नव्हतं. अव्वानं मला बाजूला घेतलं. "तू अप्पांबरोबर जा. हा माणूस तिथं जाऊन तोंड उघडणार न्हाय. बोलायचं तू." म्हणून मी पण एसटीनं.

कँटीनच्या मागच्या दारापाशी आम्ही उभे राहिलो. अप्पा जरा लांब, लिंबाच्या झाडाखाली, दुसऱ्याच कुणाच्या कामाला आल्यासारखे. मॅनेजर शिंदे म्हणून होते, जाडजूड, घामानं डबडबलेले. "आल्या का भाकरी? साडेबाराला पंगत हाय बरं का," असं मला विचारून आत जायचे आणि परत बाहेर यायचे. शेवटी टेम्पो आला. सैल पत्र्याचा तो आवाज मला कधी नव्हे तो गोड वाटला. मौलाचाचा उतरले, मागची फळी पाडली, आणि गाडी मोकळी. एकदम मोकळी. तळाला थोडा कडबा आणि मान्यांच्या झाडूची एक काडी. मौलाचाचा आत वाकून बघतायत, जसं काही भाकरी कोपऱ्यात लपून बसल्यात. "या अल्ला," ते म्हणाले, "मेरेकू चाय पीने की क्या मौत आयी थी!" तेव्हा कळलं. आधी मान्यांचं सामान उतरवू म्हणून ते वस्तीत गेले. तिथं मान्यांच्या पोरांनी सामान उतरवायला घेतलं, तोवर चाचा कोपऱ्यावर चहाला. पोरांनी गाडी झाडून पुसून रिकामी करून दिली. गाद्यांबरोबर भाकरीही घरात.

 अव्वा घरी दारात उभी राहून वाट बघत असणार हे डोळ्यांपुढं आलं, आणि त्यामागं दोड्डप्पांच्या बायकोचं ते गोड हसू. मी अप्पांकडं बघितलं. ते झाडाखालून चालत आले होते. मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ दे, सोमवारी जायचंच आहे. ते टेम्पोत चढले आणि म्हणाले, "बस. मौला, गाडी फिरव." तोपर्यंत मी अप्पांना कुणाला आज्ञा करताना ऐकलंच नव्हतं.

मान्यांच्या घरापुढं सामानाचा ढीग, आणि आत गर्दी. नव्या शेजारणी, त्यांची पोरं, सगळी जमिनीवर बसलेली. देवापुढं दिवा लावलेला, आणि देवापुढं पहिल्या नैवेद्याला आमच्या अव्वाची भाकरी, वर चटणीचा गोळा. मान्यांची आजी पायऱ्यांवर बसून येईल-जाईल त्याच्या हातात भाकरी ठेवत होती. मूळची ती सांगोल्याकडची, मेंढरं राखण्यात सगळं आयुष्य गेलेली, हाडापेराची म्हातारी. आम्हाला बघून म्हणाली, "या, या! तुमी पण घ्या. आमच्या जुन्या शेजारणींनी शिदुरी बांधून दिलीया. लई मायेची माणसं बगा. आमाला जाऊ नगा म्हणत हुत्या." मौलाचाचांनी कपाळाला हात लावला. मी तिथंच रडायला लागले. कारण म्हातारीची तरी काय चूक? गादीत घालून, धोतरात बांधून, चटणीसकट कडक भाकरी आली, तर आमच्या मुलखातला कुठलाही माणूस तिला शिदोरीच म्हणणार. आणि शिदोरी आली की ती नव्या जागी चारचौघांत वाटायची असते, एकट्यानं खायची नसते. तिनं रीतीप्रमाणंच केलं होतं. आळीतल्या घराघरात पाठवली होती.

मी रडत रडत सगळं सांगितलं. कँटीन, साडेबाराची पंगत, दर आठवड्याचं काम, सोमवारचा टेम्पो, दोड्डप्पांची बायको सुद्धा. म्हातारीला काय सांगायचं आणि काय नाही ह्याचं भान मला राहिलं नाही. आजीचा हात तिच्या तोंडावर गेला. "आगं आगं आगं! आगं बया! दुसऱ्याच्या चुलीवरची भाकर मी वाटून बसले की गं!" ती उठली ती पदर खोचूनच. तिनं सुनेला हाक मारली, उरलेला एक गठ्ठा बाहेर आणला आणि म्हणाली, "पोरी, तू ही बाजू घे, तुझ्या आईच्या भाकरी हायत, जाऊन माग. लाजू नगंस." मग अप्पांकडं वळून म्हणाली, "आणि तुमी ती बाजू घ्या, पावणं. हितं कुणी परकं न्हाय." तिनं दोन रिकाम्या टोपल्या पुढं केल्या. एक माझ्या हातात दिली. दुसरी घ्यायला अप्पांनी हात पुढं केला, आणि ते मला बघवलं नाही. घरात ज्यांना भाकरी विकायचीही लाज, त्या माणसाला आता टोपली घेऊन दारोदार भाकरी मागायची होती. मी म्हटलं, "अप्पा, तुमी थांबा, मी दोन्हीकडं जाते." ते म्हणाले, "वेळ न्हाय," आणि निघाले.

माझ्या बाजूची कथा सांगते. पहिल्या घरात पोरानं भाकरी हातात गोल फिरवून त्याचं चाक केलं होतं. पोरगं देईना. त्याच्या आईनं धपाटा घालून दिली. दुसऱ्या घरात पुरुषमाणूस अर्धी खाऊन बसला होता, तो उरलेली अर्धी माझ्याकडं करत म्हणाला, "घे बाई, पण एवढी बरी भाकर मागून न्हेतीस, हे बरं न्हवं." मी म्हटलं, अर्धी नको, खावा. तिसऱ्या घरातल्या बाईनं भाकरी परत दिली, आणि ओंजळभर शेंगदाणे वर घातले. का, तर रिकाम्या हातानं कशी पाठवू म्हणून. एका घरी भाकरी संपली होती. तिथल्या सासूनं मला थांबवून धरलं, बस म्हणाली, मी करून देते. मी म्हटलं, आजी, तुमची मऊ होईल, आमची कडक पाहिजे. ती रागावली, तिची पण कडक होते म्हणे! पण एकाही बाईनं दार लावलं नाही, एकीनंही उलट विचारलं नाही. पदरात घेऊन धावत यायच्या, टोपलीत अलगद ठेवायच्या. घाईत एखादी मोडली की हळहळायच्या. पुढं आयुष्यात मला कितीतरी मोठ्या ठिकाणी मदत मागावी लागली, हॉस्पिटलात, कचेऱ्यांत. पण त्या आळीत मिळाली तशी बिनबोभाट मला परत कुठं मिळाली नाही.

आम्ही कँटीनला पोचलो तेव्हा आत पानं मांडत होते. शिंदे मॅनेजर दारातच होते, लाल झालेले. भाकरी कमी पडणार होत्याच, शिवाय थोड्या मोडलेल्या. मी तोंड उघडायच्या आधीच अप्पा पुढं झाले. "साहेब, थोड्या कमी हायत. वाटेत आमची चूक झाली. ज्या हायत त्या चांगल्या हायत. आधी खाऊन बघा, मग बोला." मी अप्पांकडं बघतच राहिले. शिंद्यांनी एक तुकडा मोडला. कडकन् वाजला. चटणीला लावून खाल्ला आणि आत बघून ओरडले, "अरे, भात वाढवा थोडा आज! भाकरी प्रत्येकाला एकेकच." मग आम्ही मागच्या दारात उभं राहून पंगत बघितली. आमटीत भाकरी चुरून खाणारी माणसं, तोंडं हलतायत, आणि सगळ्या कँटीनभर तो कुडूम कुडूम आवाज. एकजण ओरडला, "अजून एक टाका की!" वाढपी म्हणाला, "न्हायत, संपल्या." आणि तो "संपल्या" शब्द ऐकून मला इतकं हलकं वाटलं, इतकं हलकं, की मी लिंबाच्या झाडाखाली जाऊन मटकन् बसले आणि पुन्हा रडले. ह्या वेळी मात्र मजेत.

घरी येईपर्यंत ऊन उतरलं होतं. अव्वा दारात नव्हतीच. ती आत, गाठोड्यांच्या मधोमध, भिंतीला टेकून बसली होती. कँटीननं भाकरी परत पाठवल्या, हे नक्की धरूनच बसली होती, असं नंतर म्हणाली.  मी सांगायला लागणार, तेवढ्यात अप्पा तिच्यासमोर खाली बसले. खुर्चीवर नाही, खाली. त्यांनी टेम्पोचं, म्हातारीचं, सगळं सांगितलं. अव्वा ऐकत होती, आणि दारोदार हिंडल्याचं आलं तेव्हा तिचे डोळे भरले.

"तुमी? टोपली घेऊन?"

"व्हय. मीच."

"माझ्यामुळं तुमाला लोकांच्या दारात उभं राहायला लागलं."

"पहिल्या दारात लई लाज वाटली," अप्पा म्हणाले. "टोपली मागं धरली होती मी. मग त्या घरातल्या बाईनं विचारलं, एवढी पातळ भाकरी कुणी केली म्हणून."

"मग तुमी काय म्हणालात?"

 अप्पांनी कधी बाहेरच्या माणसापुढं 'माझी बायको' असा शब्द उच्चारला नव्हता. 'सुमीची अव्वा' म्हणायचे, 'घरची' म्हणायचे, नाहीतर नुसतंच 'आमच्याकडं'.

"माझ्या बायकोनं केल्यात म्हणालो," ते म्हणाले. "मग प्रत्येक दारात तेच सांगत गेलो. कुणी विचारलं न्हाय तरी सांगितलं." आणि मग, जरा हसल्यासारखं करून, "शिंद्यांना पुढच्या शनिवारी पाहिजेत. मौलाला सोमवारी येऊ नको म्हणून सांगून आलोय."

 अव्वानं पदरानं तोंड पुसलं, दोन्ही हात टेकून उठली आणि तिच्या इरकलीत बांधलेल्या भांड्यांची पहिली गाठ सोडायला बसली. ती गाठ तिनं स्वतःच अशी घट्ट मारली होती की सुटता सुटेना, तेव्हा अप्पा उठले, तिच्या शेजारी जाऊन बसले आणि दुसऱ्या टोकानं सोडवायला लागले.